दिव्याखालचं पान

पियानोवादकाच्या डाव्या बाजूला, जरा मागे, एक साधी खुर्ची ठेवलेली असते. मैफलीत त्या खुर्चीकडे कुणाचं लक्ष जाऊ नये अशीच तिची जागा. तिच्यावर बसणाऱ्याचं काम एवढंच: वेळेवर उठायचं, डाव्या हातानं पानाचा वरचा कोपरा धरायचा, वादकाच्या नजरेच्या आड न येता पान उलटायचं आणि पुन्हा बसायचं. गडद कपडे घालायचे, हातात काही वाजेल असं घालायचं नाही, अत्तर लावायचं नाही. शिकत होते त्या काळात मी काही वर्षं हे काम केलं. पियानो मला बेताचाच यायचा, पण नोटेशन सहज वाचता यायचं आणि या कामाला तेवढं पुरत होतं.

त्या खुर्चीवरून जे दिसतं ते पहिल्या रांगेतूनही दिसत नाही. नखं पट्ट्यांवर टेकतात त्याचा बारीक टकटक आवाज ऐकू येतो. पेडल सोडलं की तारांवर नमदा बसतो, त्याचा सुस्कारा ऐकू येतो. मोठी उडी घेण्याआधी वादक श्वास रोखतो आणि मग आपलाही श्वास अडतो. पांढऱ्या पट्टीवर घामाचा थेंब पडतो. त्या पट्टीवर पुढचं बोट घसरणार नाही ना, या भीतीनं पोटात गोळा येतो. संगीत म्हणजे सुचणं, तल्लीन होणं वगैरे जे मी ऐकून होते, त्यातलं तिथे फारसं काही दिसायचं नाही. दिसायची ती विलक्षण जागरूक मजुरी.

एका संध्याकाळी ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचा बी फ्लॅट मेजर सोनाटा, म्हणजे पियानोसाठीची अनेक भागांची मोठी रचना, होता. शूबर्टनं तो 1828च्या सप्टेंबरमध्ये पुरा केला आणि त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो गेला. सोनाटा छापला गेला 1839मध्ये. पहिला भाग सुरू होतो तो कुणीतरी स्वतःशीच म्हणावं अशा सुरावटीनं, आणि ती सुरावट जेमतेम एक श्वास घेते तोच खाली, मंद्रात, जी फ्लॅटवर एक ट्रिल येतो. दोन शेजारच्या सुरांची हलकी थरथर. दूरवर ढग गडगडावेत आणि कानानं ऐकण्याआधी छातीला कळावेत, तशी.

या भागाचा पहिला मोठा खंड संपतो तिथे शूबर्टनं पुनरावृत्तीची खूण केली आहे. मागे जायचं तर त्याआधी नऊ बार वाजवायचे. बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा. पुनरावृत्ती गाळली तर हे नऊ बारही गळतात, आणि ते दुसरीकडे कुठेही नाहीत. बरेच वादक गाळतात. मी ज्यांची पानं उलटत होते त्यांनी दुपारच्या तालमीत वेळेअभावी पुनरावृत्ती गाळली, म्हणून रात्रीही गाळतील असं मी धरून चालले. ते मात्र त्या नऊ बारांत शिरले. तो मंद्रातला ट्रिल, जो आतापर्यंत कुजबुजत होता, तो इथे एकदाच पूर्ण ताकदीनं कोसळतो. मी इतकी दचकले की उठलेच नाही. ट्रिलनंतर जी शांतता येते तिच्यात त्यांनी स्वतःच्या हातानं पानं मागे उलटली. ती शांतता शूबर्टनं लिहिली होती त्याहून लांबली. सभागृहात कुणाला ते कळलं असेल असं वाटत नाही. मला कळलं.

नंतर विंगेत ते रागावले नाहीत. घाम पुसत म्हणाले, "तुम्ही ऐकत बसलात. वाचत राहायला हवं होतं." मग मी ती पानं पाहिली. पुनरावृत्तीच्या खुणेभोवती पेन्सिलीनं स्पष्ट वर्तुळ काढलेलं होतं. तालमीत घाईत गाळलं, तरी मनात काय आहे ते त्यांनी लिहून ठेवलं होतं. मी पाहिलं नव्हतं.

विंगेतलं त्यांचं ते वाक्य मला बरीच वर्षं टोचत राहिलं. ऐकत बसणं ही चूक कशी? संगीतात ऐकायचं नाही तर काय करायचं? त्याचं उत्तर मला सोव्हिएत पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टरच्या आयुष्यात सापडलं, आणि तेही शूबर्टच्याच वाटेनं.

रिख्टरनं 1972मध्ये प्राग इथे वाजवलेल्या याच सोनाटाचं ध्वनिमुद्रण आहे. पहिलाच भाग चोवीस मिनिटांच्या वर जातो. इतर वादक पुनरावृत्ती धरूनही वीस मिनिटांच्या आसपास तो संपवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हा माणूस थांबणार आता. प्रत्येक सूर पुढच्या सुराची वाट पाहत उभा आहे आणि पुढचा येईल याची हमी कुणी दिलेली नाही. कॅनेडियन पियानोवादक ग्लेन गूल्ड 1957मध्ये मॉस्कोला गेला होता. शूबर्टमधली आवर्तनं त्याला मुळीच सोसत नसत. तिथे त्यानं रिख्टरचा शूबर्ट ऐकला आणि संमोहन झाल्यासारखा बसून राहिला. पुढे त्यानं स्वतःच हे सांगितलं आहे. माझं तेच झालं. पहिल्या पाच मिनिटांत चुळबुळ, दहाव्या मिनिटाला घड्याळाचा विसर, आणि ते नऊ बार आले तेव्हा मी खुर्चीच्या कडेवर. पानं उलटायला कुणी उठायचं नव्हतं, तरीही.

एखादा मोठा पियानोवादक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चरित्र येतं: चौथ्या वर्षी बोटं पट्ट्यांवर, कडक गुरू, रोज आठ तास सराव, बाराव्या वर्षी ऑर्केस्ट्राबरोबर पहिली मैफल. रिख्टर या साच्यात कुठेच बसत नाही. जन्म 1915चा, झितोमीरचा. वाढला ओडेसात. वडील तेओफिल जर्मन वंशाचे, व्हिएन्नात शिकलेले. ओडेसाच्या संगीत विद्यालयात शिकवायचे आणि तिथल्या ल्यूथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. त्यांनी मुलाला अगदी प्राथमिक धडे दिले, बाकी पोरगं आपल्या मनानं वाजवत सुटलं. सरगम घोटणं नाही, बोटांचे व्यायाम नाहीत. घरात ऑपेरांची जाडजूड पुस्तकं होती, ज्यांत सगळा ऑर्केस्ट्रा पियानोच्या दोन ओळींत बसवलेला असतो. ती तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाजवत बसायचा, कादंबरी वाचावी तशी. पंधराएक वर्षांचा असताना ओडेसाच्या ऑपेरात गायकांना साथ करायला लागला. तिथे रोज नवं काहीतरी समोर टाकलं जायचं आणि तत्क्षणी वाचून वाजवावं लागायचं.

एकोणिसाव्या वर्षी, 1934मध्ये, त्यानं ओडेसात पहिली स्वतंत्र मैफल केली, सगळी शोपँची. आणि 1937मध्ये, म्हणजे बाविसाव्या वर्षी, मॉस्कोच्या संगीत विद्यालयात पियानो शिकवणाऱ्या हाइनरिख नॉयहाउसकडे गेला. कुठलंही रीतसर शिक्षण न घेतलेला हा तरुण वाजवत असताना नॉयहाउसनी शेजारच्या विद्यार्थिनीच्या कानात पुटपुटून सांगितलं की हा मुलगा मला प्रतिभावंत दिसतोय. तिथल्या सक्तीच्या राजकीय विषयांच्या तासांना तो बसेना, म्हणून त्याला काढून टाकलं. नॉयहाउसनी परत बोलावून घेतलं. त्यांनी त्याला सांधलं, आवाजाला मोकळेपणा दिला, सुरांमधल्या शांततेला वजन कसं द्यायचं ते दाखवलं. वाचायला मात्र तो लहानपणीच शिकून आला होता. संगीतकार प्रोकोफिएव्हचा सातवा सोनाटा त्यानं चार दिवसांत बसवला आणि 1943च्या जानेवारीत, युद्ध चालू असताना, मॉस्कोत पहिल्यांदा लोकांसमोर वाजवला.

वडील तेव्हा हयात नव्हते. 1941च्या ऑक्टोबरात, शत्रूचं सैन्य ओडेसात शिरण्याच्या थोडं आधी, जर्मन हेर ठरवून त्यांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. शहर सोडून जायची संधी होती, पण आई निघाली नाही. तिच्या आयुष्यात दुसरा माणूस होता. पुढे ती त्याच्याबरोबर जर्मनीला गेली. मुलाची आणि तिची भेट झाली ती 1960मध्ये, न्यूयॉर्कला. एकोणीस वर्षांनी. याविषयी मी अधिक लिहू शकत नाही. त्याच्या शूबर्टमध्ये मला हे ऐकू येतं, असंही म्हणणार नाही; कलाकाराच्या दुःखाचा आणि त्याच्या सुरांचा असा सरळ हिशेब जुळवणं मला नेहमीच थोडं अश्लाघ्य वाटत आलं आहे.

मैफलींचा पियानोवादक होणं म्हणजे रोज परक्या वाद्यावर बसणं. व्हायोलिनवाला आपलं व्हायोलिन काखेत मारून जगभर हिंडतो. पियानोवाल्याला ती सोय नाही. पावणेतीन मीटर लांबीचं, पाचशे किलोच्या घरातलं ते धूड ज्या त्या सभागृहाचं असतं. कुठे पट्ट्या जड, कुठे मंद्र घोगरं, कुठे एखादा सूर मध्येच कर्कश. म्हणून बहुतेक वादक आधी पोचतात, दोन-तीन पियानोंमधून एक निवडतात, तंत्रज्ञाच्या मागे लागतात. रिख्टरनं निवडणं सोडून दिलं. निवडलं की मन अडकतं, मग सगळी संध्याकाळ आपण चुकीचा निवडला हे डोक्यात घोळत राहतं, असं त्याचं म्हणणं. जो असेल त्यावर बसायचं. पुढच्या काळात यामाहा कंपनीनं त्याच्यासाठी पियानो पुरवायला सुरुवात केली, तेव्हा हा प्रश्न बराच हलका झाला.

त्याचं सर्वांत गाजलेलं ध्वनिमुद्रण 25 फेब्रुवारी 1958चं, सोफियाच्या एका मैफलीतलं. मुसोर्गस्कीची पियानोरचना, पिक्चर्स अॅट अॅन एक्झिबिशन. श्रोते जिवाच्या आकांतानं खोकतायत. सूर सुटलेत, काही चुकीचे लागलेत. तरीही त्यासारखं दुसरं नाही. पश्चिमेनं अशी ध्वनिमुद्रणं ऐकून त्याची वाट पाहिली आणि 1960मध्ये त्याला अमेरिकेत जाऊ दिलं गेलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये मैफलींमागून मैफली झाल्या. लोक वेडे झाले. तो स्वतः नाखूश होता, आणि त्या दौऱ्याच्या ध्वनिमुद्रणांबद्दल त्यानं कधी बरा शब्द काढला नाही.

मला त्याचं वेगळेपण दिसतं ते त्यानंतर तो कुठे कुठे गेला त्यात. फ्रान्समध्ये तूर शहराजवळ ग्रांज द मेले नावाचं तेराव्या शतकातलं एक प्रचंड धान्याचं कोठार आहे. तिथे 1964मध्ये त्यानं संगीत महोत्सव सुरू केला. आणि 1986मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, लेनिनग्राडहून मोटारीनं निघून थेट व्लादिव्होस्तोकपर्यंत गेला आणि वाजवत वाजवत परतला. सहा महिने. ज्या गावांत धड सभागृह नव्हतं तिथेही वाजवलं. कार्नेगी हॉल नको असलेला माणूस सायबेरियातल्या एखाद्या शाळेच्या दालनात निमूट बसतो. त्याला आपलं ऐकलं जावं असं वाटत होतं. आपल्याला पाहिलं जावं असं वाटत नव्हतं.

इथे दिवा येतो. 1980च्या सुमारापासून रिख्टर अंधारात वाजवू लागला. सभागृहातले सगळे दिवे बंद. रंगमंचावर एकच छोटा दिवा, तोही नोटेशनच्या पानांवर झुकलेला. बाजूच्या खुर्चीवर पान उलटणारं कुणीतरी. दिव्याखाली अंधार ही आपली जुनी म्हण. इथे उजेड होता तो फक्त दिव्याखाली. वादकाचे हात, चेहरा पाहून काय मिळणार, ते तर फक्त मेहनत दाखवतात, असं त्याचं स्पष्टीकरण होतं.

पानं समोर ठेवण्याला तेव्हा धाडस लागत होतं. एकट्या पियानोवादकानं पाठ वाजवायचं हा आता नियमच झाला आहे, पण तो काही आदिकाळापासूनचा नाही. 1837मध्ये क्लारा वीक, म्हणजे पुढची क्लारा शूमान, बर्लिनमध्ये बेथोव्हन पाठ वाजवत होती, तेव्हा कागदाविना वाजवणं हा उद्धटपणा आहे अशी टीका तिच्यावर झाली. मूळ रचनेपेक्षा स्वतःला मोठं समजणं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पुढे लिस्टनं पियानोवादकाची एकट्याची मैफल रूढ केली, 1840मध्ये लंडनला तिला रिसायटल हे नाव मिळालं, आणि हळूहळू पारडं फिरलं. कागद समोर ठेवणं म्हणजे तयारी नसणं, असं झालं. शंभर-दीडशे वर्षं वादक विसरण्याच्या भीतीनं रात्र रात्र जागत आले. स्मरणशक्ती दाखवण्याची ही पोरकट चढाओढ कशासाठी, असं म्हणत म्हातारा रिख्टर तिच्यातून बाहेर पडला.

एक कारण अधिक खासगी होतं. जन्मजात अचूक असलेले त्याचे कान वयोमानानं सरकले. वाजणारा सूर त्याला होता त्यापेक्षा वरच्या पट्टीत ऐकू येऊ लागला. बोट सांगतंय एक, कान सांगतोय दुसरंच. ज्याच्या डोक्यात संगीत सुरांच्या नावांनिशी साठवलेलं आहे, त्याला हा केवढा छळ असेल याची मी कल्पनाच करू शकते. जन्मभराचा विश्वासू साक्षीदार खोटं बोलायला लागला, तेव्हा त्यानं ऐकण्यावर विसंबणं सोडून वाचण्याचा आधार घेतला. हे मला कळलं त्या दिवशी विंगेतलं ते वाक्य पुन्हा आठवलं.

आणि मग तो एफ शार्प. बाखचा इटालियन कन्चेर्टो, ही एकट्यानंच वाजवायची रचना, रिख्टर तरुणपणापासून वाजवत होता. पन्नासच्या दशकात त्याचं ध्वनिमुद्रण केलं. उतारवयात पुन्हा केलं. त्यानंतर त्याच्या लक्षात आलं की दुसऱ्या भागात, शेवटाकडून तिसऱ्या बारमध्ये, एफच्या जागी तो एफ शार्प वाजवतोय. पांढरी पट्टी सोडून शेजारची काळी. चाळीस वर्षं. ना कुणा संगीतकारानं सांगितलं, ना कुणा ध्वनिमुद्रकानं. दुसरा कुणीही असता तर गप्प बसला असता. नाही तरी कुणाला ऐकू आलं नव्हतं. रिख्टरनं सीडीसोबतच्या पुस्तिकेत निवेदन छापायला लावलं: ही चूक मी करत आलो, जुन्या ध्वनिमुद्रणातही ती आहे, मला खेद वाटतो.

मी हे निवेदन पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळे भरून आले. एका सुरासाठी. जगात मोठमोठी माणसं मोठमोठ्या चुका करतात आणि खुलासे देतात, माफी मागत नाहीत. इथे सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याला अर्धं जग शतकातला थोर वादक मानतं, अडीचशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाखकडे एका काळ्या पट्टीसाठी दिलगिरी व्यक्त करतो.

एका गोष्टीत मात्र माझं त्याच्याशी पटत नाही. रिख्टर म्हणायचा की वादकानं रचनाकाराच्या इच्छेची तंतोतंत अंमलबजावणी करायची. पानावर आहे त्यात भर नाही, घट नाही. बरं. पण शूबर्टनं त्या पहिल्या भागावर मोल्तो मोदेरातो लिहिलं आहे, म्हणजे अगदी मध्यम चाल. तीच अक्षरं बाकी सगळ्यांनी वाचली आणि तिथवर कुणी पोचलं नाही. आलाप-तानांवर वाढलेल्या माझ्या कानाला सुरुवातीला वाटायचं की लिहिलेलं संगीत म्हणजे बांधलेलं संगीत, त्यात वादकाला हलायला जागा कुठे? रिख्टरनंच ती समजूत मोडली, आणि तो स्वतः मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की मी फक्त वाचतो. त्याचं वाचन इतकं त्याचं आहे की दोन मिनिटांत ओळखू येतं. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. इतकं निरखून वाचलं की वाचणाऱ्याचंच काहीतरी पानावर उमटतं, आणि ते त्याचं त्याला दिसत नसावं.

त्याच्या या वाचनाला एक नैतिक कडाही होती. ऐंशीच्या आसपास वेगवेगळे कार्यक्रम बसतील एवढं संगीत त्याच्या हातात होतं, आणि तरी बेथोव्हनचे चौथा आणि पाचवा हे ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचे कन्चेर्टो त्यानं वाजवलेच नाहीत. मूनलाइट सोनाटा नाही. रॅखमॅनिनॉव्हचा तिसरा कन्चेर्टो नाही. चांगल्या चाललेल्या कारकिर्दीत हे सगळं मागितलं जातं, त्यावर तिकिटं खपतात. त्यानं ते सरळ बाजूला ठेवलं. नॉयहाउसच्या हातून ऐकलेलं आपण पुन्हा कशाला वाजवायचं, असंही काहींच्या बाबतीत होतं. संपूर्ण संच पुरे करण्याची हौस त्याला बाखपुरतीच. वेल-टेम्पर्ड क्लाविअरचे अठ्ठेचाळीसही प्रेल्यूड आणि फ्यूग, म्हणजे छोट्या रचनांच्या सगळ्या जोड्या, त्यानं ध्वनिमुद्रित केले.

1995च्या मार्चमध्ये ल्यूबेक इथे, निवडक श्रोत्यांसमोर, त्यानं शेवटचं वाजवलं. 1 ऑगस्ट 1997ला मॉस्कोत गेला.

पानं उलटणं मी कधीच सोडलं. पण गेल्या महिन्यात इटालियन कन्चेर्टोचं नोटेशन घेऊन बसले, टेबलावरचा दिवा ओढला आणि त्याचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. दुसऱ्या भागाच्या शेवटून तिसऱ्या बारपाशी बोट ठेवलं. पहिल्या वेळी तो सूर निसटला. दुसऱ्या वेळीही, उजव्या हाताची ती लांबलचक ओळ इतकी ओढून नेते की बोट तिथे होतं आणि मी पुढे गेलेली होते. तिसऱ्या वेळी आवाज थोडा कमी केला, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं आणि फक्त पानावरचे काळे ठिपके एकेक करून वाचत गेले. मग तो आला. एफ शार्प. चुकीचा, आणि चाळीस वर्षं प्रेमानं वाजवलेला. मी ध्वनिमुद्रण थांबवलं, पेन्सिल घेतली आणि छापलेल्या एफभोवती वर्तुळ काढलं.